ओझं की वाटा

त्या सकाळी मी प्रार्थना केली नाही, हे आधीच कबूल करतो. मी उपासना चालवणारा माणूस, नरडाण्याजवळच्या एका खेड्यात मिशनच्या शाळेचा मास्तर. लोकांना ऊठसूट विश्वास ठेवा म्हणून सांगायचो. पण माझ्या चार वर्षांच्या शांताच्या घशात पांढरा पडदा दिसला आणि तोंडून एक शब्द फुटेना. शब्द तरी कुठून फुटणार? आधीचे दोन दिवस मी एकाच शब्दापायी डोकं शिणवत बसलो होतो, आणि पोरगी "बाबा, गिळता येत नाही" म्हणत होती, तेव्हा "सर्दी आहे, झोप" म्हणून तिला गप्प करत होतो. तिची आई बाळंतपणासाठी जळगावला माहेरी गेली होती. पोरगी माझ्या एकट्याच्या भरवशावर होती, आणि मी असला भरवशाचा!

शब्द होता इब्री, म्हणजे हिब्रू भाषेतला, यहाब. आमच्या उपासनेला येणारे बहुतेक शेतमजूर, घरात अहिराणी बोलणारे. त्यांच्यासाठी बायबलमधलं एक स्तोत्र मी त्यांच्या बोलीत उतरवत होतो. त्यात म्हटलंय, आपला भार परमेश्वरावर टाक. धुळ्याचे आमचे वृद्ध पाळकसाहेब इब्री शिकलेले. त्यांनी कळवलं होतं, "ज्याला आपण भार म्हणतो, तो शब्द साऱ्या शास्त्रात एकदाच आला आहे. त्याचं मूळ देण्याशी जुळतं. म्हणजे भार खरा, पण देवाने दिलेला." मला ते पटेना. देवाने दिलेलं देवावरच कसं टाकायचं? ते काय दुकानात माल परत करणं आहे? मी 'ओझं' लिहिलं आणि त्यांना चार पानी उत्तर लिहायला बसलो. मुलीचा ताप चढत होता तो त्याच वेळी.

गाडीबैल कुणाचे मोकळे नव्हते. भुईमुगाची काढणी चालू होती. शांताला उचलून मी आग्रा रोडकडे निघालो. तीन मैलांवर धुळ्याची मोटार मिळायची, आणि ती चुकली तर पुढची थेट दुपारी. तोवर काय होईल हे मला ठाऊक होतं. घटसर्पाने गेलेली दोन मुलं मी माझ्याच शाळेतली पाहिली होती. तिचा श्वास करवतीसारखा वाजत होता. मध्येच तो थांबायचा, मी तिला हलवायचो, की पुन्हा सुरू व्हायचा. दोन मैलांवर माझा पाय मुरगळला. मी उठलो, दहा पावलं चाललो आणि परत बसलो. आता कितीही रेटलं तरी मोटार गाठता येणार नाही, हे मला कळून चुकलं.

मागून एक बाई येत होती. सातपुड्याकडून काढणीला आलेल्या मजुरांपैकी असावी. डोक्यावर शेंगांचं भलंमोठं गाठोडं. तिने मुलीकडे एकदाच पाहिलं.

"भाऊ, पोर माले दे."

मी म्हणालो, "अक्का, तुमच्याच डोक्यावर एवढं ओझं आहे."

"ओझं नही रे भाऊ, वाटा शे," ती म्हणाली. "माले भेटेल शे." काढणीच्या मजुरीत मिळालेला तिचा हिस्सा होता तो. तिने तो बाभळीखाली उतरवला. "आठे ठेवस. दे पोर."

माझे हात सुटेनात. बाप मी, आणि मुलगी एका अनोळखी बाईच्या हवाली करायची? शांताचा श्वास पुन्हा थांबला. मी हात सोडले. बाई धावत सुटली आणि मी लंगडत तिच्या मागे. रस्ता दिसला तेव्हा मोटार निघाली होती, भरलेली होती आणि थांबायचं तिच्या मनात नव्हतं. बाई मुलीला छातीशी धरून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. "थांब रे भाऊ! पोर मरी ऱ्हायनी!" मोटार तिच्यापासून दोन हातांवर थांबली. मी लंगडत पोचेपर्यंत बाई समोरून हलली नाही. मी चढलो, तिने आत येऊन शांताला माझ्या मांडीवर ठेवलं आणि ती खाली उतरली. मी नाव विचारलं नाही. आभारही मानले नाहीत.

धुळ्याच्या दवाखान्यात शांताला आत नेलं, टोचलं, आणि मला बाहेर बसवलं. तिथे प्रथमच प्रार्थना सुचली. "ही तूच दिलीस, तुझ्याच हातात ठेवतो," एवढंच बोललो, आणि बोलताना यहाब म्हणजे काय ते मला उमगलं. संध्याकाळी नर्स सांगायला आली की पोरगी पाणी मागतेय. मी भिंतीला डोकं टेकून मोठ्याने रडलो. पाळकसाहेबांची मी माफी मागितली, आणि स्तोत्रात ओझं खोडून वाटा लिहिलं. आमच्या लोकांना ते समजावून सांगावं लागलं नाही.

पुढे जळगावला गेलो तेव्हा बायकोला सगळं सांगितलं. शब्दाचा अर्थ कसा उघडला, ते जरा रंगवूनच सांगितलं. तिने शांताला जवळ ओढून घेतलं आणि विचारलं, "अन् त्या बाईच्या शेंगा? तिला जागेवर सापडल्या का?"

मला माहीत नव्हतं. परत आल्यावर मी शोध घेतला, पण काढणी संपून मजूर निघून गेले होते. उपासनेत साक्ष देताना मी म्हणतो की त्या दिवशी मी माझा भार प्रभूवर टाकला, आणि त्याचे उपकार मानतो. ते खरंच आहे. पण तो उचलायला प्रभूने जिला पाठवलं, तिने आधी स्वतःचा वाटा रस्त्यावर ठेवला होता, आणि मी त्या गाठोड्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.