भावाविरुद्ध गवाही

आमचं गाव इंद्रवेल्लीच्या पुढे, उटनूरच्या रस्त्यापासून थोडं आत. ह्यांचा भाजीपाल्याचा मळा होता. वांगी, टमाटे, मेथी लावायची आणि आठवड्याचे बाजार धरून विकायची, हे काम आम्ही नवराबायको मिळून करायचो. माझा धाकटा भाऊ उटनूरला राहायचा, सरकारी बसवर ड्रायव्हर. आईवडील गेल्यावर माहेर म्हणून मला तो एकटाच उरला होता. पण खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा त्याचं ह्यांच्याशीच जास्त जमायचं. सुट्टीच्या दिवशी तो मळ्यात यायचा, दोघं मोटरपंपाजवळ बसून कोवळ्या वांग्यांची भाजी चुलीवर करायचे आणि मला फक्त भाकरी मागायचे.

त्यानं जुनी कार घेतली त्या हिवाळ्यात आम्ही तिघं आदिलाबादला नात्यातल्या एका साखरपुड्याला गेलो. दुपारी जेवण करून निघालो. भाऊ गाडी चालवत होता, हे त्याच्या शेजारी बसले होते, मी मागे. हायवे सोडून गाडी उटनूरच्या रस्त्याला लागली तसा दोन्ही बाजूंनी साग सुरू झाला. साखरपुड्यात माझी ओटी भरली होती. पदरातले तांदूळ सांडायला लागले म्हणून मी मान खाली घालून ते पिशवीत भरत होते. तेवढ्यात हे म्हणाले, "अरे, हळू." त्यानंतर काय झालं ते मी पाहिलेलं नाही. मला ऐकू आलं, अंगाला कळलं, पण दिसलं काही नाही. डोकं वर केलं तेव्हा गाडी डाव्या अंगानं झाडावर आदळलेली होती आणि हे बसले होते त्या बाजूचा पत्रा आत आला होता.

भावाच्या कपाळाला खोक पडली होती, माझा हात मुरगळला होता. हे मात्र हाक मारली तरी बोलत नव्हते. भाऊ मला म्हणाला, "डुक्कर आलं आडवं, अक्का. रानडुक्कर." येणाऱ्याजाणाऱ्यांनाही तो तेच सांगत होता. कापूस भरून नेणाऱ्या एका गाडीवाल्यानं थांबून ह्यांना बाहेर काढायला मदत केली. आधी आदिलाबादचा दवाखाना, मग तिथून नागपूर. डोक्याला मार होता आणि पाठीचा मणका मोडला होता. डॉक्टरांनी जीव वाचवला. कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच.

दवाखान्यात पोलीस विचारायला आला होता. भावानं त्यालाही रानडुकराचं सांगितलं. घरातलाच मामला आहे, तक्रार द्यायची का, असं पोलिसानं मला विचारलं. मी म्हटलं, कोणावर देऊ?

ह्यांना घरी आणलं तेव्हा अपघाताचा दिवस त्यांच्या डोक्यातून पुसला गेलेला होता. आपण साखरपुड्याला गेलो होतो हेच त्यांना आठवत नव्हतं. भाऊ दिवसाआड यायचा. ह्यांना उचलून न्हाणीत न्यायचा, पाटावर टेकवून अंघोळ घालायचा, पाठीला तेल लावायचा. अंथरुणावर पडून पडून जखमा होतात, त्या होऊ नयेत म्हणून कुशीवर कसं वळवायचं ते नागपूरला नर्सकडून तोच शिकून आला होता. अंघोळ घालताना दोघांचं हसणं मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. ते ऐकलं की वाटायचं, निभेल.

पण मळा पडून राहिला. मी एकटी बाजार धरू शकत नव्हते, कारण ह्यांना घटकाभरही सोडून जाता येत नव्हतं. औषधं थांबवता येत नव्हती. भावाच्या गाडीचा फुल इन्शुरन्स होता, म्हणजे गाडीत बसलेल्या माणसाचंही नुकसान कंपनी भरून देते असा. भावानं स्वतःच कंपनीकडे अर्ज केला. चौकशीला एक माणूस आला, चहा प्याला, झाडाचे आणि गाडीचे फोटो काढून गेला. मग कळलं की गाडी दुरुस्तीचं काय ते होईल, पण ह्यांच्यासाठी काही मिळणार नाही. जंगली जनावर आडवं आलं, ड्रायव्हरची चूक नाही, तर कंपनी कशाबद्दल भरणार, असं त्यांचं म्हणणं.

मी आणि भाऊ आदिलाबादला एका वकिलाकडे गेलो. म्हातारे गृहस्थ होते, मराठी चांगलं बोलायचे. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कोर्टात दैव चालत नाही, बाई. चूक लागते. ड्रायव्हरची चूक सिद्ध झाली तरच पूर्ण हर्जाना मिळतो. चूक नसताना थोडंफार मिळतं, पण तुमच्या मालकाला जन्मभर सांभाळायचंय, त्यात काय होणार?"

ड्रायव्हर माझ्या शेजारीच बसला होता.

वकीलसाहेबांनी पुढचंही सांगितलं. मला ठाण्यात जाऊन भावावर तक्रार द्यावी लागेल की त्यानं गाडी बेफाम चालवली. त्याच्यावर फौजदारी केस होईल, ती वेगळी चालेल. हर्जान्याच्या केसमध्ये तो आणि कंपनी दोघं समोरच्या बाजूला असतील. कंपनीचा वकील सगळ्यात आधी म्हणेल की बहीणभावांनी संगनमत केलंय. म्हणून निकाल लागेपर्यंत आमचं येणंजाणं, फोनवर बोलणं, सगळं बंद पाहिजे. कंपनीची माणसं गावात येऊन शेजाऱ्यांना विचारतात.

मी विचारलं, भावाच्या नोकरीचं काय? ते भावाकडे बघत राहिले. भाऊच म्हणाला की चालकाच्या नोकरीत असा गुन्हा शाबीत झाला तर स्टेअरिंग जातं.

परत येताना बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. मी त्याला हळूच विचारलं, खरंच डुक्कर आलं होतं का? की गाडी जोरात होती? तो खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, "तू लिहून दे. मी जोरात चालवून राह्यलो व्हतो म्हून लिहून दे." मी पुन्हा विचारलं. तो पुन्हा तेच म्हणाला, आणि उटनूरला उतरून गेला.

मी तक्रार दिली. ठाण्यातल्या जमादारानं तेलुगूत लिहून घेतली आणि वाचून दाखवली. इतके दिवस का गप्प होतात, असं त्यानं विचारलं. नवरा मरणाच्या दारात होता, हे वकिलांनी सांगितलेलं उत्तर मी दिलं. ते खोटंही नव्हतं. सही करताना एवढंच मनात आलं की आता अंघोळीचं कसं करायचं.

दुसऱ्या दिवसापासून भाऊ यायचा थांबला. मी आणि माझी जाऊ मिळून ह्यांना उचलायचो. आम्हाला ते झेपायचं नाही. एकदा न्हाणीच्या उंबऱ्यात माझ्या हातातून ते निसटले आणि आम्ही दोघीही ओल्या फरशीवर बसलो. जाऊबाई रडायला लागल्या. त्यानंतर मी ह्यांना खाटेवरच पुसून घ्यायला लागले. उन्हाळा आला तशी पाठीला जखम झाली. ती भरायची आणि पुन्हा फुटायची. तिचा वास घरात राहायचा, मला माझ्या कपड्यांना, केसांना तो यायचा.

आणि हे रोज विचारायचे, "तुजा भाऊ काऊन येत नाई?"

केसचं त्यांना सांगू नका, असं वकिलांनी बजावलं होतं. कंपनीच्या माणसानं येऊन त्यांच्याशी गोड बोलून काही काढून घेतलं तर पंचाईत. मी म्हणायची, ड्युटी बदलली, लांबच्या गाडीवर टाकलंय. काही दिवस त्यांनी मानलं. मग एके दिवशी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "नको सांगू. मले समजते. कामाचा व्हतो तोवर येत व्हता." मी तिथं उभी होते. खरं सांगितलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं की आणखी वाईट, मला ठरवता आलं नाही. मी बाहेर जाऊन जनावरांना पाणी दाखवलं.

तारखा पडत राहिल्या. आदिलाबादला जायचं, कोर्टाच्या व्हरांड्यात बसायचं, दुपारनंतर पुढची तारीख घेऊन यायचं. कधी जज सुट्टीवर, कधी कंपनीचा वकील नाही. भाऊही समोरच्या बाजूचा म्हणून यायचा. लांब, पाण्याच्या टाकीजवळ उभा राहायचा. आम्ही एकमेकांकडे बघायचो नाही. सुरुवातीला ते ठरवून होतं. पुढे पुढे मला त्याच्याकडे बघावंसंच वाटेना. तो उभा राहू शकतो, चालत चहाच्या गाडीपर्यंत जाऊ शकतो, हे पाहिलं की माझ्या छातीत काहीतरी जळायचं. ह्यांची पाठ पुसून आलेली असायची मी. डुकराची गोष्ट त्यानं सगळ्यांना इतकी पटकन कशी सांगितली, असं मनात यायला लागलं. माणसं असंच करतात का, आपली चूक झाली की पहिलं जे तोंडात येईल ते? ह्यांनी "हळू" म्हटलेलं मला रोज ऐकू यायचं. वेगामुळे म्हटलं होतं की समोर काही दिसलं म्हणून, हे मी स्वतःला विचारायची आणि रोज वेगळं उत्तर मिळायचं.

माझ्या गवाहीचा दिवस आला. भाऊ मागच्या बाकावर बसला होता. मी जे ऐकलं होतं ते सांगितलं, ह्यांनी हळू म्हटलं, आणि गाडी झाडावर गेली. कंपनीचा वकील तरुण होता, हिंदीत विचारत होता. डुकराबद्दल विचारलं. मी म्हटलं, मी डुक्कर पाहिलं नाही. तेही खरंच होतं. मग त्यानं आवाज खाली आणला आणि विचारलं, भाऊ सख्खा आहे ना, राखीला जाता ना त्याच्याकडे?

मी म्हटलं, जात नाही.

"क्यों? अपना भाई है."

ह्याचं उत्तर वकीलसाहेबांनी मला शिकवलेलं नव्हतं. मी हिंदी विसरले. माझ्या तोंडून आपल्याच बोलीत निघालं, "त्यानं माया घराचं वाटोळं केलं. माया माणसाचं मढं करून ठेवलं त्यानं. मले त्याचं तोंड पाह्याचं नाई." मी रडत नव्हते. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. वकीलसाहेबांनी ते जजसाहेबांना तेलुगूत सांगितलं. कंपनीच्या वकिलानं पुढे काही विचारलं नाही. मी गवाहीच्या पिंजऱ्यातून खाली उतरले तेव्हा मागच्या बाकावर भाऊ नव्हता.

बाहेर वकीलसाहेब म्हणाले, फार चांगली गवाही झाली. मी पाण्याच्या टाकीकडे बघितलं, भाऊ तिथंही नव्हता.

पुढे कळलं की फौजदारी केसमध्ये भावानं वकीलच लावला नव्हता. जजसाहेबांसमोर उभा राहून गुन्हा कबूल करून मोकळा झाला. दंड झाला. तेच कागद आमच्या केसला जोडले गेले आणि आमची बाजू घट्ट झाली. त्याला बसवरून काढलं आणि डेपोत टायर बदलायच्या कामावर टाकलं. निकाल आमच्या बाजूनं लागला. कंपनी वरच्या कोर्टात जाणार म्हणत होती, पण शेवटी लोकअदालतीत तडजोड झाली. मागितलं होतं त्यापेक्षा कमी, पण औषधं आणि उचलायला एक माणूस ठेवता येईल इतकं मिळालं.

मी वकीलसाहेबांना विचारलं, आता भावाकडे गेलं तर चालेल का? ते म्हणाले, आता कोण विचारतंय.

मी उटनूरच्या डेपोत गेले. तो अंगणात एका बसचं चाक काढून बसला होता. मला पाहून उठला, हात पुसले, बाकावर बसवलं, चहा आणला. ह्यांची जखम कशी आहे विचारलं. आपल्या मुलीच्या कॉलेजचं सांगितलं. मी ऐकत होते आणि चहा गार होत होता. मग मी पुन्हा विचारलं, बसमध्ये विचारलं होतं तेच.

तो म्हणाला, "डुक्कर आलं व्हतं, अक्का. गाडी बी जोरात व्हती. हळू असती तं थांबली असती. दोनी खरं हाय."

मी गार झालेला चहा खाली ठेवला. मग म्हटलं, "कोर्टात मी जे बोलले ना, ते वकिलानं शिकवलं नव्हतं."

"मले मालूम हाय," तो म्हणाला. आणि चाकाकडे बघत म्हणाला की आता त्याला भाऊजींना हात लावायला भीती वाटते, मी आग्रह करू नये.

मी आग्रह केला नाही. घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं, तक्रारीपासून डेपोपर्यंत. ते छताकडे बघत ऐकत राहिले. माझं बोलून झाल्यावर म्हणाले, "माया जिवासाठी केलं तुमी दोघायनं. मले एकदा इचाराचं तरी." त्या दिवशी ते जेवले नाहीत.

ठेवलेला माणूस सकाळी येतो. चांगला आहे, कामात कसूर करत नाही. भाऊ अजून आलेला नाही. हे आता त्याच्याबद्दल विचारत नाहीत, आणि मला ते विचारायचे त्यापेक्षा हे न विचारणं जास्त जड जातं.