तळहाताची वाटी

शिंपीमास्तरांनी दुकान मुलाच्या हवाली केलं आणि बदल्यात सुनेचा कुत्रा त्यांच्या गळ्यात पडला. सतत पायाला चिकटून असतो म्हणून मास्तरांनी त्याचं नाव ठेवलं अस्तर. पहिल्याच उन्हाळ्यात घोळ झाला. फिरायला जाताना मास्तर कुत्र्याची वाटी विसरले, रस्त्यात बिचारा धापा टाकायला लागला, तेव्हा तळहाताची वाटी करून त्यांनी त्याला पाणी पाजलं. झालं! तेव्हापासून अस्तरसाहेब घराबाहेर दुसऱ्या कशाला तोंड लावतील तर शपथ. सुनेने घडी होणारी महागडी वाटी आणली. साहेबांनी तिच्याकडे पाठ फिरवली.

मग काय, दर सावलीला थांबायचं आणि घोट घोट पाजायचं. स्वतः मास्तर मात्र थेंबही घेत नसत.

"मला तहान लागली की कळते. मी काय कुत्रा आहे?"

"त्यालाही कळते, बाबा," सून म्हणाली. "तो निदान पितो तरी."

परवा मास्तर भर चौकात मटकन खाली बसले. लोकांनी धरून घरी आणलं. अंगातलं पाणी कमी झालंय, डॉक्टर म्हणाले. मुलाने निकाल दिला, "तुमचं फिरणं बंद. उद्यापासून मी नेतो."

नेलं. मुलाने वाटी धरली, तळहात पुढे केला, लाडीगोडी लावली, अस्तर ढिम्म. घरी आल्यावर मात्र भांडंभर पाणी एका दमात ढोसलं आणि तिथेच ओकला.

आज मास्तरांनी चपला चढवल्या. मुलगा दारात आडवा.

"परत पडलात तर?"

"तर उचल. तुला लहानपणी मी काय कमी वेळा उचललंय?"

"मस्करी नाही, बाबा. ऐकलं नाहीत तर कुत्रा देऊन टाकीन."

मास्तरांनी कुत्र्याची बाटली उघडली आणि मुलावर डोळे रोखून अख्खी घटाघटा रिकामी केली. सदऱ्याची कॉलर भिजली. अस्तर आ वासून बघत राहिला.

"घे, भरून आण," त्यांनी बाटली मुलाच्या हातात कोंबली. "दर सावलीला आधी मी पिणार, मग तो. खात्री करायची असेल तर ये मागून. पण कुत्रा कुठेही जाणार नाही, आणि मीही घरात बसणार नाही."

मुलाने मुकाट्याने बाटली भरून आणली.

"लोक काय म्हणतील, बाबा? परवाच पडलात, आणि आज..."

"सांग त्यांना, बाप ऐकत नाही," मास्तर म्हणाले, आणि त्याला बाजूला सारून जिना उतरले.