हाराचा फोटो

नायगावजवळच्या आमच्या घरात भिंतीवर हार घातलेला वडिलांचा फोटो आहे आणि त्याच्या शेजारी एक रिकामा खिळा. तो आईनंच ठोकून घेतलाय. "माझा हाराचा फोटो आत्ताच काढून ठिवा," तिनं आम्हा दोघा भावांना बजावलं होतं. "न्हाईतर मागून आधार कार्डावरचा मोठा करून लावताल, अन् भिंतीवर मी चोरावानी दिसन." आधार कार्डावरचा फोटो मी पाहिलेला आहे. तिची भीती रास्त होती.

काम अर्थातच माझं, असं मी गृहीत धरलं. लातूरला मास्तरकी करता करता मी एक खरा कॅमेरा घेतलाय. खरा म्हणजे ज्यावरून कुणाला फोन लावता येत नाही तो. त्याच्या लेन्स, तिपाई, पुसायचं मऊ फडकं, हा सगळा संसार आमच्या कपाटात माझ्या कपड्यांच्या जागी राहतो. धाकटा भाऊ नांदेडला असतो. त्याच्याकडे नवा फोन आहे. फोनला मागे तीन डोळे आहेत आणि भावाच्या मते अक्कल त्याहून जास्त.

दिवाळीला दोघंही घरी आलो. आई ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन अंगणात खुर्चीवर बसली. मी तिपाई उभी केली, उजेड पाहिला, खुर्ची सरकवली, पुन्हा उजेड पाहिला. नैसर्गिक प्रकाशाबद्दल थोडं बोललोही. तेवढ्यात बॅटरी संपली. ती चार्जिंगला लावली तर लाईट गेली. भाऊ चिवड्याची वाटी घेऊन बाहेर आला, दुसऱ्या हातानं फोन वर केला आणि म्हणाला, "माय, इकडं बघ." झालं. वाटीतला एक शेंगदाणाही सांडला नाही.

त्या फोटोत आईचं वय निम्म्यावर आलं होतं. गाल नुकत्याच सारवलेल्या भिंतीसारखे. मागचा गोठा धूसर झाला होता, त्याच्याबरोबर आईचा अर्धा कानही. आणि कपाळावरचं हिरवं गोंदण साफ गायब! लहानपणी जत्रेत रडून-ओरडून घेतलेलं ते गोंदण फोननं डाग समजून पुसून टाकलं होतं. मला राग आला. आणि खोटं कशाला बोलू, आनंदही झाला.

"ही माय हाय का?" मी भावाला म्हणालो. "ही साबणाच्या जाहिरातीतली बाई हाय."

"दादा, तू जळून राहिलास," तो चिवडा चावत म्हणाला.

दुपारी उशिरा लाईट आली, बॅटरी भरली आणि उतरत्या उन्हात मी माझ्या कॅमेऱ्यानं आईचा फोटो काढला. सुरकुती न सुरकुती आली. गोंदणाचा ठिपका न ठिपका आला. लॅपटॉपवर तो मोठा करून मी आईपुढे ठेवला आणि कौतुकाची वाट पाहत उभा राहिलो.

तिनं बराच वेळ पाहिला. "लई झकास हाय," ती म्हणाली. "पण ह्यो नको. धाकट्याचा लाव."

खरा चेहरा म्हणजे काय, यावर मी भाषण सुरू केलं. पहिल्याच वाक्याला तिनं मला थांबवलं.

"तुझ्या बापाकडं बघ की जरा. पस्तिशीचा गडी, अजून तसाच हाय. त्याच्या बाजूला तू काढलेला फोटो लावला तर येणारे-जाणारे म्हणतील, अगोदर लेक गेला, मागून माय गेली."

मी लॅपटॉप मिटला. भाऊही चिवडा खायचा थांबला.

"मग धाकट्याचाच पक्का?" शेवटी मी विचारलं.

"हाव." तिनं भावाच्या हातातला फोन घेतला, फोटोतल्या कोऱ्या कपाळावर बोट टेकवलं आणि मला म्हणाली, "पण एवढं गोंदण इथं बसव बाबा. तुला येतंय ना त्या कॉम्प्युटरवर. न्हाईतर तुझा बाप मला वळखील कसा?"