रेस्टिव्ह

येरझारेकाकांचं खरं आडनाव वेगळं होतं, पण राजधानीतल्या लक्ष्मीबाई नगरात, आम्हा मराठी कुटुंबांत ते कुणी वापरत नसे. गृहस्थ बसतच नसत. चहा उभ्याने, पेपर चालता चालता. "बसलो की डोकंही बसतं," म्हणायचे. त्यांच्याशी बोलायचं तर बाल्कनी ते स्वयंपाकघर त्यांच्या मागोमाग फेऱ्या घालाव्या लागत.

ते निवृत्त झाले, सरकारी क्वार्टर सोडायची वेळ आली आणि नेमक्या तेव्हाच काकू बाथरूममध्ये घसरल्या. खुब्याचं ऑपरेशन. तीन महिने प्रवास बंद. मुदतवाढ मिळाली नाही तर हिला हलवू कुठे, या काळजीने काकांच्या फेऱ्या दुप्पट झाल्या.

"तू लिही रे अर्ज. माझं चित्त थाऱ्यावर नाही."

मी कॉर्पोरेटवाला, दिवसाला पन्नास ईमेल पाडणारा. माज होताच. 'रेस्ट'वरून एक भारदस्त इंग्रजी विशेषण मला आपोआप सुचलं: डॉक्टरांनी पत्नीस तीन महिने 'रेस्टिव्ह' राहण्याचा सल्ला दिला आहे! काकांनी न वाचता, चालता चालताच सही ठोकली.

तिसऱ्या दिवशी अर्ज परत. शब्दाखाली लाल रेघ. क्वार्टर वाटपाच्या कार्यालयात खिडकीतले साहेब मला म्हणाले, "भाईसाहब, डॉक्टर मरीज़ को बेचैन रहने को बोल रहा है?" रांगेतले सगळे खिदळले. मीही हसलो, दुसरं काय करणार?

घरी काकांनी जाडजूड शब्दकोश उघडला. अर्थातच उभ्याने.

"अरे, मूळचा फ्रेंच शब्द. अडेल घोड्याला म्हणत. पाय रोवून उभा, पुढे जायलाच तयार नाही. मग ओढलं की चुळबुळतो, खूर आपटतो. त्यावरून पुढे अर्थ झाला, अस्वस्थ."

पलंगावरून काकू म्हणाल्या, "म्हणजे यानं माझा नाही, तुमचा अर्ज लिहिला!"

काका त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले. नवा अर्ज त्यांनी स्वतः लिहिला, चार ओळींचा, एकही भारदस्त शब्द नसलेला. पंधरा दिवस जीव टांगणीला लावून मुदतवाढ मिळाली.

तीन महिन्यांनी ते पुण्याला निघाले. काकू दुसऱ्या मजल्यावरून स्वतःच्या पायांनी उतरत होत्या, एक हात कठड्यावर, एक काकांच्या खांद्यावर. प्रत्येक पायरीला दोघं थांबत. मी खाली टॅक्सीभोवती घिरट्या घालत होतो.

"काका, चला ना! गाडी चुकेल!"

"चुकू दे," काका म्हणाले, आणि काकूंचा पुढचा पाय टेकेपर्यंत जागचे हलले नाहीत.