सांगलीचा संत जॉर्ज दिन आणि मी न दिलेली साक्ष

एप्रिल आला की सांगलीहून आमच्या जुन्या स्काउट पथकाचं आमंत्रण येतं. संत जॉर्ज हा स्काउटांचा पाठीराखा संत, त्याच्या दिवसाला जुन्या मुलांनी यावं. दरवर्षी मी सबब सांगायचो. यंदा बायको म्हणाली, "अहो, त्या मिलिंदला एकदाचं सांगून टाका. किती वर्षं माझंच डोकं खाताय!" निघालो झालं.

लोणंदहून पहाटेची एसटी, साताऱ्याला बदलायची. तिथून सांगली तीन तास. सकाळी जाणार असाल तर डावीकडची खिडकी धरू नका, ऊन थेट तोंडावर येतं. मी नेमकी तीच धरली. कराड मागे पडलं की दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. पेठ नाक्यावर चहा घ्यावा, वडा मात्र आदल्या दिवशीचा वाटला. सांगली स्टँडसमोर सत्तर रुपयांत मिसळ खाल्ली. एरवी दोन प्लेट हाणतो, त्या दिवशी एकही संपेना.

आमच्या पथकाची रीत सांगतो. जॉर्ज दिनाला सकाळी प्रत्येकाने स्कार्फच्या टोकाला गाठ मारायची आणि जोडीजोडीने गावात जायचं. कुणाचं तरी काम केलं की गाठ सोडायची. आपलं काम आपण सांगायचं नाही, जोडीदाराने सांगायचं.

शाळेत असताना मिलिंद माझा जोडीदार. हळदीच्या पेठेत एका म्हातारीचा हातगाडा गटारीत अडकला होता. मिलिंद चिखलात उतरला, गाडा खांद्याने रेटून वर काढला, पार तिच्या घरापर्यंत ढकलत नेला. मी सावलीत ऊस खात उभा! परतताना मी माझी गाठ गुपचूप सोडली. मिलिंदचे हात बरबटलेले, तो सोडायचीच विसरला. पथकाच्या सरांनी त्याची न सुटलेली गाठ पाहिली आणि मला विचारलं, "याने काही केलं का रे?" दिल्लीच्या मेळाव्याला दोघांतला एकच जाणार होता. मी खाली मान घातली. दिल्लीला मी गेलो. मिलिंद त्या दिवसापासून पथकात दिसला नाही. नालायकपणा होता तो, दुसरा शब्द नाही.

यंदा त्याचं घर कुणाला तरी विचारावं म्हणून मैदानावर पोचलो तर तोच पोरांना दोरीच्या गाठी शिकवत होता! "मुलगी पथकात हाय, तिच्यामुळं येतो," म्हणाला आणि स्काउटांच्या रीतीने डावा हात पुढे केला. झेंडा झाला, वचन झालं. मग जॉर्ज आणि ड्रॅगनचं नाटक. ड्रॅगन हळदीच्या पोत्यांचा, आतली दोन्ही पोरं सटासट शिंकत होती. सगळे हसले, मीही हसलो.

जेवणानंतर लिंबाखाली त्याला गाठलं आणि एका दमात सगळं बोललो. तो पायाने माती उकरत म्हणाला,

"मला काय नवीन सांगतूयास गड्या? मी तितंच व्हतो की."

"माफ कर रे."

"माझं सोड. आमच्या अण्णांना सांगायला पायजे व्हतं."

अण्णा म्हणजे त्याचे वडील, मार्केट यार्डात हमाल. पोराला स्काउटचा गणवेश घ्यायचा म्हणून त्यांनी सुट्टीच्या दिवशीही पोती उचलली होती. मिलिंद म्हणाला, "घरी मी खरं सांगितलं. अण्णा म्हनले, आरं मग तुझा जोडीदार गप का बसला? जन्मभर दुसऱ्याची वझी उचलली मी, अन् माझं पोर कामचुकार निघालं. त्यांनीच पथक सोडवलं. कवातरी तू येशील, त्यांना सांगशील, असं मला वाटायचं."

"आता जाऊया ना घरी. मी पाया पडतो त्यांच्या."

"गेल्या दिवाळीत गेले रं."

दिवाळीच्या आधी कामासाठी मी दोनदा सांगलीत आलो होतो. एकदा तर मार्केट यार्डाच्या दारात चहा पिऊन गेलो.

मिलिंद स्टँडपर्यंत सोडायला आला. भडंगाचं पुडकं घेऊन दिलं, पैसे घेईना. परतीला गाडीला गर्दी होती, कराडपर्यंत उभाच होतो. कुणाला जायचं असेल तर जरूर जा, दिवस छान असतो, जेवण पथकाचंच. आणि कुणाला काही सांगायचं राहिलं असेल तर माझ्यासारखं आमंत्रणाची वाट बघत बसू नका.

घरी पोचल्यावर बायकोने पाण्याचा तांब्या हातात देत विचारलं, "बोललात? झालं मन मोकळं?"

"माझं झालं," म्हणालो.