मिसरीचा धूर

एसटीत, हॉटेलात विडी ओढायला सरकारनं कडक बंदी घालावी, म्हणून एका वर्षी मी अंबड तालुक्यात बायकांच्या सह्या गोळा करत फिरत होते. अंकुशनगरला माझ्या मावशीच्या घरी गल्लीतल्या बायका जमल्या. नवऱ्यांच्या विड्यांवर त्यांचा इतका राग, की मला बोलावंच लागलं नाही.

"यष्टीत बसलं की जीव गुदमरून जातो, बाई," मावशी म्हणाली. "बंदी पाहिजे. बिलकुल पाहिजे."

म्हणता म्हणता तिनं चुलीवर तवा ठेवला आणि मिसरीसाठी तंबाखू भाजायला घेतली. घरभर धूर कोंडला. सगळ्याजणी खोकत होत्या आणि खोकता खोकता विडीला शिव्या घालत होत्या.

माझं डोकंच फिरलं. "मावशे, ही तंबाखू न्हाई का?"

"ही दात घासायची," तिनं मलाच समजावलं. "व्यसन येगळं."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी भांडायला तोंड उघडलं, तर खोकलाच आला. सह्या मात्र सगळ्यांनी हौसेनं केल्या. त्या घेऊन आनंद मानावा की कपाळ बडवावं, मला कळेना.

तेवढ्यात मावशी सुनेवर खेकसली, "लेकराला धूर लागन. बाहेर ने जल्दी."

सून तान्ह्याला घेऊन दारापर्यंत गेली. बाहेर ओट्यावर पुरुष विड्या ओढत बसले होते. ती उंबऱ्यातच थांबली, लेकरावर पदर ओढला आणि वळून मला विचारलं, "ताई, कुणीकडं नेऊ?"