पंख्याकडे पाहणारे आमदार

गर्भाशयाच्या कॅन्सरवर संशोधन व्हावं, गावोगावी माहिती पोचावी, यासाठी कायदा करा, हे सांगायला आम्ही चौघी आमदारांकडे गेलो होतो. शेजारच्या शालिनीवहिनींनी ‘गर्भाशय’ म्हटलं मात्र, साहेबांची नजर थेट पंख्यावर!

माझी आईसुद्धा ‘पिशवी’ म्हणायची, तेही कुजबुजत. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसू लागलं, ते तिनं लाजेपायी लपवलं आणि त्यातच गेली. गुडघेदुखी आपण चारचौघांत मिरवतो आणि जिवावरचं हे दुखणं पदराआड ठेवतो. का म्हणून?

“साहेब, कॅन्सर पंख्याला नाही, मला झालाय,” वहिनी म्हणाल्या. “इकडं बघून ऐका.”

नजर खाली आली. मग मीही तो शब्द उच्चारला, खणखणीत. आईच्या वाटचाही.